विश्लेषण : मुंबई–न्यूयॉर्क १६ तास, मसूर–गोरेगावही १६ तास, बाबासाहेबांच्या प्रवासांचा हिशेब

मोबाइलवर ‘मुंबई ते न्यूयॉर्क’ असे टाकले की उत्तर लगेच येते. सरळ हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आणि थेट विमान मिळाले तर साधारण १५ ते १६ तास. हाच शोध महाडच्या चवदार तळ्याच्या काठावर उभे राहून घेतला, तर मात्र एक वेगळेच गणित समोर येते. ज्यांच्यामुळे हे तळे जगाला माहीत झाले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले १९१३ मध्ये. या तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत आले १९२७ मध्ये. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्याच मंडणगड तालुक्यातले. म्हणजे अर्ध्या जगापलीकडचे शहर आधी आले आणि घराजवळचे पाणी १४ वर्षांनी.

वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, हे सूत्र आपण शाळेतच शिकतो. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रवास तारखा आणि तास लावून तपासले, की हे सूत्र पुन्हा पुन्हा चुकते. का चुकते, ते पाहू.

तीन तासांचा रस्ता, साडेसोळा तास

पहिला प्रवास १९०१ चा. भीमराव तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. आई भीमाबाई वारलेल्या, कुटुंब साताऱ्यात. वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. (हे गोरेगाव मुंबईचे नव्हे आणि आपल्या माणगावजवळचेही नव्हे.) उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले वडिलांकडे निघाली. सोबत मोठा भाऊ आणि बहिणीची मुले, मोठे माणूस कोणीच नाही. नवे कपडे, आगगाडीचा पहिला प्रवास, मुले खुशीत होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडीने मसूर स्टेशनवर सोडले. वडिलांना पत्र वेळेवर मिळालेच नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली. पण जात कळताच त्यांचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण महारांच्या मुलांना गाडीत घ्यायला एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोडगा निघाला. गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून चालायचे. साडेसहाच्या सुमारास ते निघाले. तीन तासांत पोहोचू, असे गाडीवानाने सांगितले होते.

शिदोरी जवळ होती. पाणी नव्हते. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी टोलनाक्यापाशी आली. तिथेही पाणी मिळाले नाही. मुलांनी उपाशी-तहानलेल्या पोटी नाक्याजवळच रात्र काढली. सकाळी आठला निघून अकराला ते गोरेगावला पोहोचले. तीन तासांचा रस्ता साडेसोळा तासांचा झाला.

आज मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जाणारे विमान जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचते. ही तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण आकडे तसेच आहेत. या प्रवासाची नोंद बाबासाहेबांनी स्वतः पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात करून ठेवली आहे. पुस्तकाचे नावही लक्षात घ्या. व्हिसा परदेशात जायला लागतो. यातले बहुतेक प्रसंग मात्र सातारा, बडोदा, चाळीसगाव, दौलताबाद अशा आपल्याच ठिकाणांचे आहेत.

न्यूयॉर्क : एका महिन्याची वाट

१९१३ च्या फेब्रुवारीत रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि २२ वर्षांचे भीमराव कोलंबिया विद्यापीठात शिकायला निघाले. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

तेव्हा प्रवासी विमानसेवा हा प्रकारच नव्हता. रस्ता आगबोटीचा : अरबी समुद्र, सुएझ कालवा, भूमध्य समुद्र आणि मग अटलांटिक. बोटीचा हा मार्ग सुमारे १५ हजार किलोमीटर भरतो. विमानाचे अंतर कमी का? पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरा. तो पश्चिमेला सरळ जात नाही, उत्तरेकडे चढतो, मध्य आशिया आणि रशियावरून जवळपास आर्क्टिक वृत्तापर्यंत जाऊन मग खाली उतरतो. गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच. प्रत्यक्षात विमाने हवाई हद्दी आणि वारे बघून त्यात फेरफार करतात. पश्चिमेकडून वाहणाऱ्या जोरदार वरच्या वाऱ्यांमुळे येताना वेळ कमी लागतो आणि जाताना जास्त. बोटीला ही सोय नाही, तिला किनारे आणि कालवा सांगेल तसेच जावे लागते.

कोलंबियात त्यांनी १९१५ मध्ये एमए केले, १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा निबंध वाचला आणि त्याच वर्षी ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशा दोन ठिकाणी प्रवेश घेतला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले.

पहिले महायुद्ध चालू होते. जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत होत्या. बाबासाहेबांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते, ती बोट टॉर्पेडोच्या माऱ्यात बुडाली. ते स्वतः फ्रान्समधील मार्सेय बंदरातून निघून कोलंबोमार्गे २१ ऑगस्ट १९१७ ला मुंबईत सुखरूप पोहोचले. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, त्यातून बडोद्याला जाण्याच्या खर्चाची सोय झाली.

बडोदा मुंबईहून रेल्वेने चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका रात्रीचा प्रवास. शिष्यवृत्तीच्या करारानुसार तिथे नोकरी करायची होती. पण राहायला खोली मिळेना. पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत ते राहू लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. दुपारी चारपासून नऊपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाठी बागेत बसून काढले. ज्या संस्थानाने त्यांना न्यूयॉर्कला पाठवले, त्याच संस्थानाच्या राजधानीत त्यांना छप्पर मिळाले नाही. हा विरोधाभास कितीही वेळा वाचला तरी जुना होत नाही.

पुढे १९२० मध्ये, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना यांच्या मदतीने ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये परतले तेव्हा ते बॅरिस्टर होते आणि लंडन विद्यापीठाची डीएससी ही पदवी त्यांच्या नावापुढे लागणार होती.

महाड : दासगावच का?

आता मुख्य ठिकाणी येऊ. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर अडथळा संपला. प्रत्यक्षात तळ्यावर अस्पृश्यांपैकी कोणी जाऊ शकत नव्हते. ख्रिस्ती, मुसलमान पाणी भरत, जनावरे पाणी पीत.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस ही मंडळी तयारीत होती. परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, कारण शेजारी तळे असूनही ते वापरता येत नव्हते. २० मार्चला परिषदेच्या मांडवातून निघालेला जमाव शिस्तीत तळ्यावर गेला आणि बाबासाहेबांनी पाणी प्यायले. मांडव ते तळे हे अंतर पायी काही मिनिटांचे.

त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि मांडवात, गल्ल्यांत परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

मग २५ डिसेंबरला सत्याग्रह परिषद ठरली. इथे प्रवासाचा मुद्दा पुन्हा आला. मुंबईहून महाडला येण्याची एक वाट होती धरमतरची. बोटीने धरमतरला उतरायचे आणि पुढे मोटारीने महाड. दुसरी वाट समुद्रातून दक्षिणेला हरिहरेश्वर, तिथून सावित्रीच्या खाडीत शिरून दासगाव बंदर. ही दुसरी वाट निवडली गेली, कारण तिथे कोणाची मर्जी लागत नव्हती. धरमतरला मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला असता, तर माणसे वाटेत अडकली असती. दासगावहून महाड पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. कोणीही गाडीत घेतले नाही तरी पायी चालत पोहोचता येते.

१९०१ मध्ये मसूर स्टेशनवर गाडीवानांच्या होकाराची वाट बघत बसलेला मुलगा २६ वर्षांनी प्रवासाचा मार्ग आखतो आणि त्यात गाडीवानाची गरजच ठेवत नाही. या दोन घटना एकमेकांना जोडून बघणे हे माझे. पण मार्ग निवडण्याचे कारण चरित्रांमध्ये नोंदलेले आहे.

२४ डिसेंबरला सकाळी दोनशेहून अधिक प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले. हरिहरेश्वरला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी ‘अंबा’ बोटीने दुपारी दासगाव. धक्क्यावर हजारोंच्या संख्येने सत्याग्रही उभे होते. बाबासाहेब जिल्हाधिकाऱ्यांना भेटण्यासाठी पुढे गेले आणि लोक रांगा करून पायी महाडकडे निघाले. मुंबई–महाड हवाई अंतर जेमतेम ११५ किलोमीटर. आजच्या जेट विमानाला आठ-दहा मिनिटांचे. १९२७ मध्ये हा प्रवास सव्वा दिवस चालला आणि कोणाच्याही परवानगीशिवाय पूर्ण झाला.

आज कोकण रेल्वेने वीर स्टेशनवर उतरून महाडला जाणारा प्रवासी मुंबई–गोवा महामार्गाने दासगावावरूनच जातो. त्याआधी लोणेरे लागते. इंजिनीअरिंगच्या मुलांना ते माहीत असते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठामुळे. दासगावचा धक्का मात्र महामार्गावरून दिसत नाही, त्यासाठी वाट सोडून खाली खाडीकडे उतरावे लागते.

काही मिनिटांचे अंतर, दहा वर्षांचा खटला

लोक महाडला पोहोचले खरे, पण तळ्यापर्यंत जाता आले नाही. १४ डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. तळे ही खासगी मालमत्ता आहे आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची प्राचीन वहिवाट आहे, असा दावा करणाऱ्यांच्या बाजूने तो होता. २५ च्या रात्री परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावर जायचे की नाही यावर मात्र बरीच चर्चा झाली. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून सत्याग्रह तहकूब करण्याचा निर्णय पटवून दिला. लोकांनी शांततेत तळ्याभोवतून मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही.

खटला महाडहून ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आणि तिथून मुंबई उच्च न्यायालयात गेला. निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. अनादिकाळापासून चालत आलेली वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि तळ्यावरचा हक्क मान्य झाला. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७ म्हणजे दहा वर्षांना तीन दिवस कमी. मांडवापासून पाण्यापर्यंतचे काही मिनिटांचे अंतर कायद्याने कापायला एवढा वेळ लागला.

चाळीसगावचा टांगा आणि लंडनची बोट

मधल्या काळात दोन प्रवास असे झाले की ते शेजारी ठेवूनच बघावेत. ऑक्टोबर १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगाव स्टेशनवर उतरले. वस्ती जवळच, पायी जाण्याच्या अंतरावर. लोकांनी बराच वेळ थांबवून ठेवले आणि मग टांगा आला. टांगेवाल्यांनी अस्पृश्य प्रवासी नेण्यास नकार दिला होता. टांगा भाड्याने द्यायला ते तयार होते, हाकायला नव्हते. मग आयुष्यात कधी टांगा न हाकलेला वस्तीतलाच एक माणूस पुढे झाला. नदीवरच्या फरशीपाशी घोडा बुजला, बाबासाहेब खाली दगडावर आदळले आणि त्यांचा पाय मोडला. यजमानांचा हेतू चांगला होता, पाहुण्यांना पायी न्यायचे नाही एवढाच.

पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९३० ला, ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या नव्या बोटीने गोलमेज परिषदेसाठी निघाले. ही पी अँड ओ कंपनीची बोट वाफेवर वीज तयार करून त्या विजेवर पंखे फिरवायची, त्या काळात हे नवलच होते. १८ ऑक्टोबरला ते लंडनला पोहोचले. बरोबर १४ दिवस. १९३१ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी ‘मुलतान’ बोटीने गेले, १५ ऑगस्टला निघून २९ ला पोहोचले. पुन्हा १४ दिवस. सुएझमार्गे मुंबई–लंडन अकरा हजार किलोमीटरच्या वर भरते, म्हणजे बंदरांतले थांबे धरून सरासरी वेग ताशी ३० ते ३५ किलोमीटर. आपल्या स्कूटरइतका. पण वेळापत्रक पक्के. तिकीट घेतले की बोट कोणाची जात विचारून निघत नव्हती.

बोटीकडून विमानाकडे

लंडन ते कराची अशी विमानसेवा १९२९ मध्ये सुरू झाली होती, पण ती थांबत थांबत आठवडाभर चालायची आणि जागा मोजक्या. जेआरडी टाटांनी कराची–मुंबई टपाल विमान आणले ते १५ ऑक्टोबर १९३२ ला. एअर इंडियाचे पहिले मुंबई–लंडन विमान ‘मलबार प्रिन्सेस’ ८ जून १९४८ ला कैरो, जिनिव्हामार्गे उडाले. १४ दिवसांचे काम सुमारे दिवसभरात आले.

बाबासाहेब तोपर्यंत कायदामंत्री आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. १९५० मध्ये ते कोलंबोला बौद्ध परिषदेसाठी गेले. ५ जून १९५२ ला कोलंबिया विद्यापीठाने त्यांना मानद एलएलडी दिली. त्यासाठी ते विमानाने न्यूयॉर्कला गेले आणि जूनच्या मध्यापर्यंत मुंबईत परतही आले. थेट उड्डाण तेव्हाही नव्हते, पंख्याची विमाने ठिकठिकाणी इंधन घेत जायची. तरी १९१३ मध्ये एकेरी वाटेला जेवढा काळ लागला, त्याच्या निम्म्यात जाऊन, पदवी घेऊन येणे झाले. तब्येत मात्र ढासळत चालली होती. मधुमेह, पायांचे दुखणे यांमुळे आधाराशिवाय चालणे कठीण होत होते.

११ ऑक्टोबर १९५६ ला ते दिल्लीहून विमानाने नागपूरला आले. हवाई अंतर साडेआठशे किलोमीटर. सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले. १४ तारखेला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यासाठी खेड्यापाड्यांतून लोक आगगाडीने, बैलगाडीने, पायी आले होते. नागपूरच्या विमानतळाला आज बाबासाहेबांचेच नाव आहे. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले.

६ डिसेंबरला दिल्लीत, २६ अलीपूर रोड येथील घरी त्यांचे निधन झाले. त्या रात्री पार्थिव विमानाने मुंबईला निघाले. दिल्ली–मुंबई हवाई अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या घरात. आज सव्वादोन तास, त्या काळच्या डकोटा जातीच्या विमानाला चार तासांच्या वर. मध्यरात्र उलटल्यावर विमान सांताक्रूझला उतरले. थंडीत, रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती.

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या ‘राजगृह’ या त्यांच्या घरापासून दादर चौपाटी दोन-तीन किलोमीटरवर आहे. ७ डिसेंबरला दुपारी अंत्ययात्रा निघाली. ती सरळ चौपाटीकडे न जाता व्हिन्सेंट रोडने परळ, एल्फिन्स्टन पूल, गोखले रोड असा वळसा घेत गेली. चौपाटीवर पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली, गर्दीतून पुढे सरकायला जागाच नव्हती.